चालवून पाहिल्याची ओळ

नवा प्रोसेसर बाजारात येतो तेव्हा तो नुसता महागडा दगड असतो. संगणकाची प्रणाली त्याची भाषा शिकेपर्यंत त्याचा कुणालाच काही उपयोग नसतो. ती भाषा प्रणालीला शिकवायचं काम जगभर विखुरलेली काही माणसं करतात, बहुतेक एकमेकांचं तोंडही न बघता, आणि सगळं उघड्या पत्रव्यवहारात. कुणीही वाचावं, कुणीही चूक काढावी. प्रत्येक कामाच्या तळाशी ओळी असतात: अमक्याने लिहिलं, तमक्याने वाचलं. सगळ्यात खालची ओळ सगळ्यात लहान. ‘चालवून पाहिलं’, आणि पुढे नाव. ती एकदा प्रणालीच्या आत गेली की मग खोडता येत नाही. जोवर ती प्रणाली आहे तोवर ती ओळ आहे.

एवारिस्तो लेदेस्माच्या नावाने ही ओळ आली की लोक पुढचं वाचत नसत. कोर्दोबाच्या विद्यापीठात तो शिकवायचा, पण त्याची खरी ओळख त्या पत्रव्यवहारात होती. हाम्बुर्गला बसलेला हेल्गे, जो या प्रोसेसरांच्या कामाचा मुख्य राखणदार, तो म्हणायचा, लेदेस्माने चालवलंय ना, मग घ्या आत. आणि लेदेस्मा हा मान जपायचा. जपायचा म्हणजे दुसऱ्यांना फटकावून जपायचा. नवख्यांनी केलेलं कच्चं काम त्याच्यासमोर आलं की बाबाच्या जिभेला धार चढे. विद्यार्थी त्याला मागे ‘कात्री’ म्हणत, आणि हे त्याला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

चार वर्षांपूर्वी अशीच एक कात्री यामिला तोकोनासवर चालली होती. यामिला त्याचीच विद्यार्थिनी, दूर उत्तरेला हुहुयच्या डोंगरातून शिकायला आलेली, वर्गात फार न बोलणारी. तिने आपलं पहिलं काम पाठवलं आणि खाली भाबडेपणाने लिहिलं, चालवून पाहिलं. चालवलं होतं ते सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकाने घेतलेल्या प्रोसेसरच्या सोंगावर. खरा बोर्ड, म्हणजे प्रोसेसर बसवलेली पाटी, घ्यायला तिच्याकडे पैसे कुठून येणार? एवारिस्तोच्या ते लगेच लक्षात आलं. त्याने तिला खोलीत बोलावून सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. त्याने सगळ्या जगासमोर लिहिलं: ‘न चाखता मीठ बरोबर आहे म्हणणारी स्वयंपाकीण आणि तुम्ही, यांत मला फरक दिसत नाही. पुन्हा ही ओळ अशी लिहिलीत तर तुमचं पत्र न वाचता टाकून देईन.’ खाली काहींनी टाळ्याही वाजवल्या. यामिलाने त्या पत्रव्यवहारात पुन्हा काही लिहिलं नाही. पदवी घेतली आणि कोर्दोबाच्याच डोंगरात सान्ता रूफिना गावी गेली, तिथल्या स्वयंसेवी अग्निशमन दलासाठी यंत्रं बनवायला.

आणि मग या वर्षीचा जून आला, म्हणजे तिकडचा हिवाळा.

एक नवा स्वस्त प्रोसेसर आला होता. त्याच्या आधाराचं काम एका तरुणाने लिहिलं होतं, एवारिस्तोने ते बारकाईने वाचलं होतं, आता फक्त चालवून बघायचं राहिलं होतं. त्यासाठीचा बोर्ड एसेइसा विमानतळाच्या कस्टममध्ये अडकला होता. एवारिस्तोने फोन केले, अर्ज केले, ओळखी काढल्या. कस्टमवाल्यांनी त्याला शांतपणे या खिडकीतून त्या खिडकीत पाठवलं. तिकडे काम आत घ्यायची मुदत संपत आली आणि हेल्गेने विचारलं, तुझी ओळ तेवढी राहिलीय, मग पुढच्या वेळेस ढकलू का? पुढच्या वेळेस म्हणजे काही महिने. एवारिस्तोला ‘ढकल’ म्हणता आलं असतं. पण आपल्यामुळे काम अडलं असं आजवर कधी झालं नव्हतं, आणि मान मोठा झाला की माणूस असल्या फालतू गोष्टींना घाबरतो. त्याने काम सिम्युलेटरवर चालवलं. लोण्यासारखं चाललं. त्याने ओळ लिहिली.

बोर्ड नंतर आला. तोवर काम आत गेलेलं होतं. खोका उघडायचा म्हणजे आपण आधी उघडला नव्हता हे स्वतःशी कबूल करायचं. एवारिस्तोने तो कस्टमच्या पिवळ्या फितीसकट कपाटात खालच्या फळीवर ठेवला आणि त्यावर साखरेचा डबा ठेवला.

सप्टेंबरात एका गुरुवारी, उत्तरेचा कोरडा वारा खिडक्या हलवत असताना, यामिला त्याच्या खोलीत आली. पाठीवर पिशवी, ओठ वाऱ्याने फुटलेले. चार वर्षांत ती इथे फिरकली नव्हती.

“सर, वेळ आहे?”

“बस, बस. डोंगरात तुला खायला घालत नाहीत का? काडी झालीस.”

“घालतात. आमचा प्रमुख ओनोफ्रे रोज मटण भाजतो. आणि धावायलाही तेवढंच लावतो.” ती हसली, पण बसली ती खुर्चीच्या कडेवर. पिशवीतून तिने एक बोर्ड काढून टेबलावर ठेवला. एवारिस्तोने त्यावरचं नाव वाचलं. तोच प्रोसेसर.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“मी या बोर्डांवर आगीची यंत्रं केली, सर. प्रत्येक टेकडीवर एक चौकी. धूर दिसला की चौकी निरोप पाठवते, खाली दलाच्या शेडमध्ये भोंगा वाजतो आणि पडद्यावर त्या चौकीचं नाव येतं. उन्हाळाभर सरावात छान चाललं. तेव्हा जुने बोर्ड होते. या हिवाळ्यात नवे घातले. ऑगस्टात भोंगा वाजला, पडद्यावर नाव आलं वरच्या ओढ्याचं. सगळे गाडी घेऊन वरच्या ओढ्याला गेले. तिथे काहीच नव्हतं. आग होती दगडी खिंडीत, एर्सिलियाकाकूंच्या मधमाश्यांपाशी. गाडी वळून येईस्तोवर पेट्या जळाल्या, शेड जळाली. काकू स्वतः पाण्याच्या टाकीत उतरून बसल्या म्हणून वाचल्या.”

एवारिस्तोने बोर्ड उचलून उलटा करून पाहिला.

“वरचा ओढा हा आदल्या आठवड्यातल्या सरावातला निरोप होता,” यामिला म्हणाली. “यंत्राने जुनाच निरोप दाखवला. मी माझं सगळं काम ओळ न् ओळ तपासलं. तीनदा तपासलं. मला चूक सापडत नाही, सर.”

“मग तुझी नसेल.”

“माझीच असणार. दुसरी कुणाची?” ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. “खाली प्रणाली आहे, आणि तिच्याखाली तुमचं नाव आहे. ते बघूनच मी हा प्रोसेसर घेतला. ओनोफ्रेला म्हटलं, हा माणूस चालवल्याशिवाय चाललं म्हणत नाही, हे मला कुणापेक्षाही जास्त माहितीय.” ती पुन्हा थोडं हसली. “दलाला मी लिहून दिलंय की चूक माझी आहे. शनिवारी बैठक आहे. यंत्रं काढून टाकायची आणि पुन्हा टेकडीवर माणूस बसवायचा, असं ठरेल. मलाही काढतील, ते बरोबरच आहे. पण जायच्या आधी मला कळायला हवं, मी काय केलं.”

त्या वेळी एवारिस्तोला जे वाटलं त्याला शरम हा शब्द अपुरा आहे. कुणीतरी भर चौकात आपले कपडे उतरवतंय आणि उतरवणारं माणूस आपल्या पाया पडतंय, असं काहीसं. तेव्हाच बोलायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, “येर्बा पिणार?”

“मी करते. तुम्ही बघा तोवर.” ती उठली, पाणी तापवायला ठेवलं, भोपळ्याच्या वाटीत येर्बाची, तिकडच्या चहाची, पानं भरली. “साखर?”

“कपाटात. खाली,” तो बोर्डाकडे बघत म्हणाला. आणि म्हणून झाल्यावर त्याला डब्याखालचा खोका आठवला.

मागे कपाटाचं दार करकरलं. डब्याचा आवाज झाला. दार बंद झालं. यामिला साखर घेऊन आली, तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. एवारिस्तोने स्वतःला समजावलं की पोरीने पाहिलं नसेल, पाहिलं असलं तरी खोके काय सगळ्यांकडे असतात.

“तुमचा बोर्ड काढता का, सर? शेजारी शेजारी चालवू. तुमच्यावर चालतं आणि माझ्यावर नाही, म्हणजे फरक कळेल.”

“तो... दिलाय मी. मेन्दोसाच्या एका माणसाला. हाच लावू.”

“बरं,” यामिला म्हणाली.

त्याने वायर जोडली, वीज दिली. बोर्ड मेल्यासारखा पडून राहिला. कडेला दोन बटणं होती. त्याने एक दाबून पाहिलं, मग दुसरं. मग वायर काढून पुन्हा जोडली. वीज खराब असेल, असं काहीतरी पुटपुटला. यामिला काही वेळ बघत राहिली. मग तिने हात पुढे केला, लहान बटणावर बोट ठेवलं आणि तसंच दाबून धरलं. लाल दिवा लागला. ती थांबली. बऱ्याच वेळाने दिवा हिरवा झाला, तेव्हा तिने बोट उचललं.

“हिरवा होईपर्यंत सोडायचं नाही,” ती म्हणाली. “हा बोर्ड एकदा जरी चालवला तरी ते विसरता येत नाही. बोट दुखतं.”

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. वाटी भरून त्याच्यापुढे ठेवली. एवारिस्तोने नळीतून घोट घेतला, जीभ पोळली, आणि त्याने ती पोळू दिली.

चूक सापडायला फार वेळ लागला नाही, कारण सिम्युलेटर आणि खरा बोर्ड जिथे वेगळे वागतात तिथेच बघायचं, हे त्याला माहीत होतं. प्रोसेसरचा एक भाग निरोप लिहितो आणि मग दुसऱ्या भागाला खूण करतो की निरोप आलाय, वाच. पोस्टमनने आधी चिठ्ठी पेटीत टाकावी आणि मग घंटा वाजवावी, तसं. हा नवा प्रोसेसर घाईगर्दीचा. ताण आला की कामांचा क्रम आपल्या सोयीने बदलायचा. घंटा आधी वाजवायचा आणि चिठ्ठी मागून टाकायचा. घरमालक पेटी उघडून बघतो तर कालचीच चिठ्ठी. प्रोसेसरला ‘थांब, आधी चिठ्ठी’ असं बजावणारी एक आज्ञा प्रणालीत हवी होती. लिहिणाऱ्या तरुणाने ती घातली नव्हती, वाचताना एवारिस्तोच्या नजरेतून सुटली होती. सिम्युलेटर सगळं क्रमानेच करतो, त्यामुळे तिथे ही चूक कधीच दिसली नसती. खऱ्या बोर्डावर एक दुपार जोरात ताण देऊन चालवलं असतं तर दिसली असती.

“सापडलं,” तो म्हणाला.

“कुणाचं आहे?”

“खालचं. प्रणालीतलं.” त्याने घसा खाकरला. “फार बारीक आहे. क्वचितच दिसणारं. कुणालाही सापडलं नसतं.”

ही शेवटची संधी होती आणि ती त्याने अशी घालवली. यामिलाने मान हलवली. वाटी धुतली, पालथी घातली, बोर्ड पिशवीत टाकला. दारात थांबून म्हणाली, “दुरुस्ती पाठवाल तेव्हा मला कळवा, सर. मी माझ्या यंत्रांवर चालवून बघेन. शनिवारच्या आत झालं तर बरं.”

ती गेल्यावर एवारिस्तो दुरुस्ती लिहायला बसला. काम एका ओळीचं होतं. वर कारण लिहायचं असतं. त्याने लिहिलं: ‘काही बोर्डांवर क्वचित आढळणारी अडचण.’ छान वाटलं. खोटंही नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हेल्गे धन्यवाद म्हणेल आणि प्रकरण मिटेल. मग तो साखरेचा डबा जागेवर ठेवायला उठला, आणि कपाट उघडलं तर खोका पुढे ओढलेला होता. साखरेसाठी डबा उचलावा तर खोका हलायचं काही कारण नव्हतं. तिने तो ओढून पाहिला होता. पिवळी फीत दाराकडे होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अखंड. म्हणजे मेन्दोसाच्या माणसाची थाप त्याने मारली तेव्हा तिला ठाऊक होतं. तो बटणं चाचपत होता तेव्हाही ठाऊक होतं. तिने त्याला तिथेच धरलं असतं तर त्याने चिडून काहीतरी भांडण काढलं असतं आणि त्यात लपला असता. तिने येर्बा पाजली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात तो कोरडा पाषाण आपण, हे त्याला कपाटासमोर उकिडवं बसून कळलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने आधीचं कारण खोडलं आणि लिहिलं: ‘ही चूक खऱ्या बोर्डावर लगेच दिसली असती. मी बोर्डावर चालवलं नव्हतं, सिम्युलेटरवर चालवलं होतं. तरीही चालवून पाहिलं असं लिहिलं. त्यामुळे कोर्दोबाच्या डोंगरात आगीची गाडी चुकीच्या टेकडीवर गेली. यंत्रं बनवणाऱ्या यामिला तोकोनासची यात काही चूक नाही.’ पाठवलं आणि शिक्षेची वाट बघत बसला.

शिक्षा झाली नाही. हेल्गेने लिहिलं, होतं असं, प्रांजळपणाबद्दल आभार. कॅनडातल्या एकाने लिहिलं, असं बोलायला धैर्य लागतं. कुणीतरी तर म्हणे याच्यापासून आपण सगळ्यांनी शिकावं. एवारिस्तो वाचत गेला आणि त्याचे कान तापत गेले. हाच गुन्हा, याहून कितीतरी लहान, एका पोरीने केला तेव्हा तिला स्वयंपाकीण म्हटलं होतं. त्याने ते चार वर्षांपूर्वीचं पत्र शोधलं. सापडायला एक क्षण पुरला, तिचं नाव टाकलं की पहिलं तेच यायचं. तिला नोकरी देणाऱ्या प्रत्येकाला ते पहिलं दिसत असणार. इतक्या जुन्या पत्राला उत्तर द्यायची रीत तिथे नाही. दिलं तर सगळ्यांच्या समोर ते पुन्हा वर येतं. त्याने त्याच पत्राखाली तिची माफी मागितली, आडपडदा न ठेवता, आणि सगळ्या जगाला ते पुन्हा वाचू दिलं.

शुक्रवारी दुपारी यामिलाचं उत्तर आलं, त्याला एकट्यालाच.

‘सर, दुरुस्ती चालली. सगळ्या चौक्यांवर ताण देऊन पाहिली, माझी ओळ पाठवली आहे. माफीचं पत्रही वाचलं, चांगलं लिहिलंय. पण तिथे तुम्हाला सगळे ओळखतात, तिथे ते चालणारच होतं. खऱ्यावर चालवून पाहिलंत का? उद्या दुपारी शेडमध्ये सगळे असतात. खोका घेऊन या.’

शनिवारी एवारिस्तो खोका मांडीवर घेऊन सान्ता रूफिनाच्या बसमध्ये बसला. डोंगर एका बाजूने काळे पडलेले होते, आणि राखेचा वास बंद खिडकीतूनही आत येत होता.

शेडमध्ये लाल गाडीच्या बाजूला ओनोफ्रे मटण भाजत होता, रुंद खांद्यांचा, पांढऱ्या मिशांचा. बाकांवर दलाची माणसं, आणि टोकाला डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी, हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये. एर्सिलियाकाकू. यामिला भिंतीशी उभी होती. तिने ओळख करून दिली नाही. त्याला स्वतःलाच करून द्यावी लागली.

त्याने चिठ्ठी आणि घंटेची गोष्ट सांगितली. चौथ्या वाक्यातच त्याला कळलं की तो वर्गात शिकवल्यासारखा बोलतोय आणि समजावण्यात लपतोय. तो थांबला.

“म्हणजे बघा,” ओनोफ्रे काट्याने मांस उलटत म्हणाला, “मी अडाणी माणूस. तुम्ही न बघता सही केलीत, असंच ना?”

“हो.”

“आणि ही पोरगी म्हणाली चूक माझी.”

“हो.”

“का?”

“माझ्या सहीवर विश्वास ठेवला म्हणून.”

बाकावरचा एक जण हळूच म्हणाला, “मास्तर, मग आमच्या गाडीच्या नळ्या तरी तुम्ही तपासल्या नाहीत ना?” दोघेतिघे हसले, पण हसू पुढे गेलं नाही.

एर्सिलियाकाकूंनी विचारलं, “तुमच्या त्या लोकांना सांगितलंत हे?”

“सांगितलं.”

“काय म्हणाले?”

एवारिस्तोला खोटं बोलायची फार इच्छा झाली. “आभार मानले,” तो म्हणाला.

काकूंनी आपल्या बँडेजकडे पाहिलं आणि मान हलवली. “बरंय बाबा तुमच्यात,” त्या म्हणाल्या. त्याला वाटलं त्यांनी चार शिव्या द्याव्यात, तेवढंच ओझं उतरेल. त्यांनी ते उतरवलं नाही.

ओनोफ्रेने काटा ठेवला आणि यामिलाकडे वळला. “दुरुस्त झालेलं यंत्र चालतं?”

“चालतं. माझ्या हाताने चालवलंय, रात्रंदिवस.”

“मग काढायची कशाला? राहू देत. आणि तूही राहा, ते पत्रबित्र फाडून टाकलं समज.” बाकांवरून माना डोलल्या. बैठक तेवढ्यात संपली. एवारिस्तोचं मत कुणी विचारलं नाही. विचारण्याचं काही कारणच उरलं नव्हतं.

“एक आहे,” यामिला म्हणाली. “आमच्यात एकाने चालवून भागत नाही. दुसऱ्यानेही चालवावं लागतं.” आणि तिने खोक्याकडे पाहिलं.

ओनोफ्रेने टेबलावरचे पाव बाजूला सारले आणि आपला मांस कापायचा सुरा पुढे केला. एवारिस्तोने पिवळी फीत कापली. सगळे जवळ येऊन उभे राहिले. काकूही उठून आल्या. त्याने बोर्ड बाहेर काढला, वायर जोडली, दुरुस्ती झालेली प्रणाली घातली. मग लहान बटणावर बोट ठेवून दाबून धरलं. लाल दिवा लागला. हिरवा व्हायला खरंच खूप वेळ लागत होता, बोट खरंच दुखत होतं, आणि शेडमधले सगळे त्याच दिव्याकडे बघत होते. दिवा हिरवा होईपर्यंत त्याला बोट उचलता येणार नव्हतं, आणि मानही.